बाथरूमला वांगी रंग

बाथरूमला कोणता रंग द्यायचा हे ठरवायला मी दोन महिने घेतले. पाच बाय सातची खोली, एकच खिडकी, ती पण छताला चिकटलेली. रंगारी दर चार दिवसांनी फोन करायचा, "आंटी, रंग फायनल झाला का?" आणि मी दर वेळी "विचारून सांगते" म्हणायचे. एकदा तो वैतागून म्हणाला, "आंटी, घर में तो आप अकेली हो. पूछना किस को है?"

त्याचं काही चुकलं नव्हतं, पण मला राग आला. "तुला काय करायचंय? मी भिंतीला विचारीन," असं म्हणून मी फोन ठेवला. माझा स्वभावच असा आहे. राग नाकावर आणि जिभेला हाड नाही, असं माझ्याबरोबर नोकरी केलेली कुठलीही बाई सांगेल.

नोकरी नर्सची. उपकेंद्रातली. आधी कासुर्डीला होते, मग दौंड तालुक्यातच इकडंतिकडं, आणि शेवटची वर्षं शिरूर तालुक्यात. घरोघरी जाऊन बायांना मी असे प्रश्न विचारलेत की त्यांच्या आयांनीही कधी विचारले नसतील. पाळी कधी आली, नवरा पिऊन अंगावर येतो का, तिसरं कशाला पाहिजे, ऑपरेशन का करून घेत नाहीस. सासूच्या देखत विचारायचे आणि उत्तर मिळेपर्यंत उंबऱ्यावरून उठायचे नाही. गावं मला घाबरायची, आणि कळा सुरू झाल्या की मलाच बोलवायची. हे मी मिरवायला सांगत नाही. एवढं सगळं विचारत फिरलेल्या बाईला स्वतःच्या सख्ख्या बहिणीला एक साधा प्रश्न विचारता आला नाही, म्हणून सांगते.

घर कारेगावात आहे. नोकरीत असताना जागा घेतली तेव्हा शेजारी ज्वारीचं रान होतं. आता चारी बाजूंनी तीन-तीन मजली खोल्या उठल्यात आणि खोलीखोलीत कंपनीत जाणारी चार-चार पोरं. कुणी लातूरचं, कुणी बिहारचं, कुणी ओडिशाचं. ती तीन पाळ्यांत जातात-येतात, त्यामुळं गल्लीत कायम कुणीतरी झोपलेलं असतं आणि कुणीतरी बूट घालत असतं. तोंडओळख होते न होते तोच माणसं बदलतात. समोरच्या जिन्यावरून एक मुलगी रोज मला हात करायची. काही दिवस दिसली नाही म्हणून चौकशी केली, तर त्या खोलीत दुसरंच बिऱ्हाड राहत होतं. त्यांना तिचं नावही माहीत नव्हतं.

माझं घर तेवढं एकमजली राहिलं. लोक सांगतात, वर खोल्या काढा, घरबसल्या भाडं येईल. मी बघू म्हणते. माझा संसार दीड वर्षात मोडला, मूलबाळ नाही, तेव्हा कुणासाठी खोल्या काढायच्या हा प्रश्न आहेच.

निवृत्त झाल्यावर पहिले सहा महिने बरे गेले. मग मी टीव्हीशी भांडायला लागले. बातम्या देणाऱ्या बाईला "खरं बोल गं" म्हणायचे. मग तेही बंद झालं. एक दिवस लक्षात आलं की संध्याकाळचे पाच वाजलेत आणि सकाळपासून माझ्या तोंडातून एक शब्द बाहेर पडलेला नाही. मी मुद्दाम मोठ्यांदा "अगं बाई" म्हणून बघितलं. आवाज घोगरा आला, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली.

माझी थोरली बहीण दौंड तालुक्यातल्या राहू गावाला असते. आक्का. आमच्यात नऊ वर्षांचं अंतर आहे. आई मजुरीला जायची, म्हणून मी जन्मले आणि आक्काची शाळा चौथीत सुटली. तिनं मला कडेवर वागवलं. खुरपायला गेली तरी मला बांधावर बसवून पाढे म्हणून घ्यायची. तिला स्वतःला बाराच्या पुढचे येत नव्हते, तरी माझं चुकलं की बरोबर कळायचं, कारण चुकले की मी जरा हळू बोलायचे. माझं लग्न मोडलं तेव्हा सगळे म्हणत होते, पाय धर आणि नांदायला जा. एकटी आक्का म्हणाली, "न्हाई जायचं. शिक तू." मी नर्स झाले ती तिच्यामुळं.

आता आक्काचा नवरा नाही. मुलगा आहे, सून आहे, एक लहान नात आहे. मुलगा चांगला आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण असल्या गोष्टीत मुलगा वाईट निघावा अशी ऐकणाऱ्याची इच्छा असते. तसं काही नाही. तो आईला डोळ्याच्या डॉक्टरकडं स्वतः घेऊन जातो, थेंब संपायच्या आत दुसरी बाटली आणतो. आक्काला काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती टिकवायची. तिला समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही, आणि फिक्यावर फिकं तर अजिबात कळत नाही. पांढऱ्या ताटातला भात ती बोटांनी चाचपून खाते.

भाच्यानं हौसेनं घरात नवं बाथरूम बांधलं. खाली पांढरी फरशी, भिंतींना पांढऱ्या टाइल्स, पांढरं कमोड. "मावशी, बगा कसं चकाचक केलंय," म्हणाला. त्या चकाचकात आक्काला दाराचा उंबरा दिसला नाही आणि कमोडही दिसलं नाही. पडली, मनगट मोडलं. प्लास्टर होतं तोवर मी राहूला जाऊन-येऊन होते. एकदा मी तिची वेणी घालत होते, तेव्हा ती म्हणाली, "बाये, आता मला पांढरं नसंल तिथं कुठंतरी न्हेऊन ठिवा." हसतच म्हणाली, मीही हसले. पण परतीच्या गाडीत माझ्या डोक्यात बाथरूम शिरलं.

माझं न्हाणीघर जुनं होतं. भिंतींना टाइल्स नव्हत्याच, घोटीव सिमेंट होतं. मी उंबरा फोडून काढला. खाली खरबरीत फरशी घातली, कमोड बसवलं, दोन्ही बाजूंना धरायला स्टीलच्या दांड्या ठोकून घेतल्या. भिंतीला मात्र टाइल्स लावायच्या नाहीत, रंगच द्यायचा, असं ठरवलं. टाइल्स एकदा बसल्या की बसल्या, रंग आक्काच्या नजरेला मानवेपर्यंत बदलता येतो.

आक्काला मी फोनवर एवढंच सांगितलं की नवीन बाथरूम काढलंय. माझ्याकडं राहायला ये, असं म्हणाले नाही. लेक असताना आई बहिणीच्या दारात जाऊन राहिली तर गावात त्या लेकाची मान खाली जाते. "काय रं, आय जड झाली व्हय?" असं लोक तोंडावर विचारतात. हे एक कारण. पण खरं सांगायचं तर ते मी पुढं केलेलं कारण होतं. मला तिच्या 'नाही'ची भीती वाटत होती. ती नाही म्हणाली असती तर माझ्याकडं वाट बघण्यासारखंही काही उरलं नसतं.

म्हणून मी शहाणपणा केला. राहायला येतेस का, असं विचारायच्या ऐवजी रंग कुठला देऊ, असं विचारायचं. तिनं रंग सांगितला की ती येणार, हे मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं. तिला अर्थातच यातलं काही माहीत नव्हतं.

"आक्का, बाथरूमला रंग कुठला देऊ?"

"तुला आवडंल त्यो दे की."

"मला न्हाई कळत. तू सांग."

"मी काय सांगू बाये? तुज्या घराचं तू बघ."

दोन महिने हाच फोन चालला. तुला आवडेल तो. ऐकायला किती प्रेमाचं वाटतं. एकट्या माणसाला विचारा. तुला आवडेल ते शिजव, तुला आवडेल तेव्हा झोप, तुला आवडेल ते टीव्हीवर लाव, कुणाची काही हरकत नाही. हरकत घेणारं माणूसच घरात नाही. मला त्या दिवसांत कुणीतरी खमकेपणानं "हा रंग अजिबात चालणार नाही" म्हणायला हवं होतं.

शेवटी मी रंगाच्या दुकानातून शेडकार्ड आणलं, आणि दुकानदाराच्या मागं लागून वहीच्या पानाएवढे मोठे नमुनेही आणले. रंगांची नावं सगळी इंग्रजी, आणि ती ठेवणाऱ्यानं जन्मात कधी न्हाणीघर बघितलं असेल असं वाटत नाही. एका पिवळ्याचं नाव वाचून मला भूक लागली. मी आक्काला फोन केला, "उद्या येते. जरा बोलायचंय."

"काय बोलायचंय?"

"आल्यावर सांगते."

दुसऱ्या दिवशी शिक्रापूरला गाडी बदलून, भीमेचा पूल ओलांडून मी राहूला पोचले. आक्का ओट्यावर बसून वाट बघत होती. भाचा घरीच होता, मोटारसायकल पुसत होता. सून चुलीकडं होती. मी पाणी प्याले आणि लगेच कामाला लागले. सुनेकडून एक पांढरी बशी मागून घेतली. एकेक नमुना ओट्याच्या भिंतीला चिकटवायचा, त्याच्यापुढं बशी धरायची, आणि आक्कानं हात लांब करून बशीची कड पकडायची, अशी माझी तपासणी.

क्रीम रंगावर ती चाचपडली. गुलाबीवर बशीच्या शेजारची हवा पकडली. पोपटीवर म्हणाली, "बशी धरलीयास का खरंच, का म्हातारीची चेष्टा करतीस?" मग मी गडद निळा लावला आणि पुढं बशी धरली. आक्कानं पहिल्या झटक्यात कड पकडली. मी बशी हलवून दुसरीकडं धरली, तिथंही पकडली. तीन वेळा धरली, तीनही वेळा पकडली. मला इतका आनंद झाला की मी बशी तशीच तिच्या हातात सोडून दिली.

"एवढं समदं कुणासाठी करतीस?" आक्कानं विचारलं.

सून चहा घेऊन दारात आली होती. भाच्यानं पुसायचं थांबवून आमच्याकडं बघितलं. त्या दोघांच्या देखत मी काय बोलणार होते? सासवांच्या देखत सुनांना वाटेल ते विचारणारी मी, तिथं सरळ खोटं बोलले. "कुणासाठी म्हंजी? माझ्यासाठी. मी काय तरणी ऱ्हानार हाय का?" असं मी चांगलं ठसक्यात म्हणाले. आक्का "बरं" म्हणाली आणि बशी सुनेच्या हातात दिली.

चहा पिऊन मी लगेच परत निघाले. आक्का ओट्याच्या कडेपर्यंत आली. "बोलायचं व्हतं म्हणलीस ना?"

"हेच की, रंगाचं," मी म्हणाले.

दोन दिवसांत रंगाऱ्यानं भिंतीला लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, पॉलिश पेपर मारला आणि निळ्या ऑइलपेंटचे दोन हात मारले. पांढरं कमोड त्या निळ्यापुढं असं उठून दिसायला लागलं की काय सांगू. मी तिथंच उभी राहून आक्काला फोन लावला.

"आक्का, निळा दिला बघ. तुला दिसला त्योच."

आक्काचा आवाज एकदम चढला.

"निळा? संडासात?"

"अगं, गडद हाय, त्याच्यापुढं लगेच—"

"तुजं डोस्कं फिरलंय का? निळ्याला पाठ लावून तिथं बसायचं व्हय मी? आपल्या झेंड्याचा रंग हाय त्यो. आपल्यात निळ्या फडक्यानं कुणी पाय पुसत न्हाई, आन् तू संडास रंगवलास? एवढी शिकलीस ती ह्याच्यासाठी व्हय?"

आम्ही बौद्ध. आक्काच्या घरात निळं कापड फाटलं तरी त्याची पायपुसणी होत नाही, ते धुऊन घडी घालून ट्रंकेत जातं. हे मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. दर जयंतीला पांढरी साडी नेसून मीच पुढं असते, विहारापुढचा झेंडा जरा खाली आला तरी पोरांवर ओरडते. पण ते दोन महिने मी रंगांकडं फक्त आक्काच्या नजरेनं बघत होते. बशी दिसते की नाही, याच्या पलीकडं मला काही सुचतच नव्हतं.

फोन ठेवल्यावर मला भयंकर लाज वाटली. आणि ती ओसरायच्या आतच आनंदानं छाती भरून आली. मी बाथरूमच्या दारात उभी राहून एकटीच हसायला लागले. आक्का भांडली होती! निळ्याला पाठ लावून बसायचं व्हय मी, म्हणजे मनानं ती इथं येऊन बसून गेली होती. ज्याला राहायचं नसतं ते माणूस रंगावरून भांडत नाही. पाहुणा कशालाही छान म्हणून मोकळा होतो.

रंगाऱ्याला बोलावून म्हटलं, हा रंग काढायचा. तो भिंतीकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघत राहिला. "आंटी, इस में क्या खराबी है?"

"आमच्या झेंड्याचा रंग आहे. इथं चालत नाही. माझ्या लक्षात राहिलं नाही."

"अरे, तो पहले बोलना था ना, आंटी. मैं मारता ही नहीं," तो म्हणाला, आणि वाद न घालता पेपर घेऊन घासायला बसला. भिंत घासून झाल्यावर खाली पडलेली निळी भुकटी त्यानं संडासात लोटली नाही. कागदावर गोळा केली आणि बाहेर नेऊन जास्वंदीच्या कुंडीत टाकली. त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी त्याला दुसऱ्यांदा चहा करून दिला.

आता परत तोच प्रश्न. रंग गडद तर पाहिजे. हिरवा घ्यावा तर तो कुणाच्यातरी झेंड्यावर. भगव्याचं तर नावच काढायला नको, मला गल्लीत राहायचंय. लाल म्हटलं तर तोही कुणाचातरी. शेडकार्ड चाळताना लक्षात आलं की आपल्याकडं ठसठशीत रंग सगळे वाटून झालेत, न्हाणीघराला म्हणून फिकेच तेवढे उरलेत. आक्काला हे फोनवर सांगितलं तर ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

"मग वांगी दे," ती म्हणाली. "वांग्याचा झेंडा अजून कुणी काढल्याला न्हाई."

आक्कानं रंग सांगितला.

मी त्याच दिवशी शिरूरला जाऊन दुकानात वांगी रंग बनवून घेतला. मग दुसरी खोली आवरायला काढली. खाट उन्हात टाकली, नवी गादी भरून घेतली. वाटेत येणारं स्टूल उचलून माळ्यावर टाकलं. दुधवाल्याला सांगितलं, किराणावाल्याला सांगितलं, समोरच्या जिन्यावरच्या अनोळखी पोरांनाही सांगितलं, "माझी बहीण येतीय राहायला. तिला कमी दिसतं, गाड्या दारापुढं लावू नका." पोरं "जी आंटी" म्हणाली. भाजी निवडताना मी आक्काशी बोलायला लागले. ती तिथं नव्हती, पण येणारच होती, म्हणून ते मला वेड्यासारखं वाटलं नाही.

मग महिना गेला. मला वाटायचं, आता तिचा फोन येईल, आता येईल. शेवटी एक दिवस भाच्याचा आला. "मावशी, आईला शिरूरला डोळ्याच्या डॉक्टरला दाखवायचंय. तुमच्याकडं ऱ्हाईल ती, दोन-तीन दिस." मी त्यातलं 'ऱ्हाईल' तेवढं ऐकलं.

आक्का आली ती एक लहानशी कापडी पिशवी घेऊन. मी आधी पिशवीकडं बघितलं आणि मग तिच्याकडं. चहा झाल्यावर तिला बाथरूमच्या दारापर्यंत नेलं आणि हात सोडला. ती आत गेली. मी बाहेर दाराला कान लावून उभी. कडी लागल्याचा आवाज आला, पाण्याचा आवाज आला. ती कुठं धडकली नाही, मला हाक मारली नाही. पदराला हात पुसत बाहेर आली.

"लई छान केलंयास गं," आक्का म्हणाली. "लई म्हंजी लईच छान."

मी म्हणाले, "रंग जरा अंधारा वाटत न्हाई ना?"

"न्हाई, न्हाई. छानच हाय."

पुढचे दोन दिवस ती सगळ्याला छान म्हणत होती. गादी छान, उशी छान, खिडकीतनं येणारा वारा छान. मी केलेल्या आमटीलाही छान म्हणाली. माझी आमटी वाईट असते, आणि आक्कानं उभ्या आयुष्यात ती नावं ठेवल्याशिवाय खाल्लेली नाही. "मीठ कमी हाय का?" मी विचारलं. "बरोबर हाय की," म्हणाली. मी स्वतः वरून मीठ घेतलं.

तरी ते दिवस सुखाचे गेले, खोटं कशाला सांगू. डॉक्टरला दाखवून आलो, संध्याकाळी पायरीवर बसायचो. कंपनीच्या गाड्या पोरांना उतरवून जायच्या. आक्का बुटांच्या आवाजावरून म्हणायची, "ह्यो दमलाय. ह्येचा पगार झालाय." मी दिवसभर बोलत होते. घसा दुखेपर्यंत बोलत होते. ज्या एका गोष्टीबद्दल बोलायचं होतं, तेवढी सोडून सगळं बोलले.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला भाचा न्यायला येणार होता. आक्का खाटेवर बसून पिशवी आवरत होती. तिनं टॉवेल घडी घालून आत ठेवला, फणी ठेवली, डोळ्याच्या थेंबांची बाटली ठेवली. काहीही मागं राहू नये म्हणून ती गादीवरून हात फिरवत होती. ते बघून मला राहवलं नाही.

"आक्का, ऱ्हातेस का माझ्याकडं? कायमची?"

तिचा हात थांबला.

"आता?" ती म्हणाली.

"आता म्हंजी, इथनं पुढं. बाथरूम तुझ्यासाठीच केलंय. माझ्यासाठी कशाला दांड्या ठोकीन मी?"

आक्कानं पिशवी बाजूला सारली. मग म्हणाली, "सून कामाला लागलीय गं, ह्याच महिन्यात. यवतकडं कंपनीत. सात वाजता गाडी येती न्ह्यायला. पोरीला मी बघते. मी शब्द दिलाय तिला. ती म्हणली, आत्या, तुमी हायत म्हणून मी जाती."

"पोरगी शाळेत जायला लागली की मग?" मी म्हणाले. बाजारात भाव करावा तसं करत होते मी. "मग येशील?"

तिनं माझा हात शोधला आणि धरला.

"तू ते रंगाचे कागद घिऊन आली व्हतीस ना राहूला. आदल्या दिशी फोनवर म्हणलीस, येते, बोलायचंय. मला वाटलं न्ह्यायलाच येतीयास. मी कापडं भरून पिशवी दारामागं ठिवली व्हती, हिच्यापेक्षा मोठी. पोराला पण सांगितलं व्हतं, मावशी न्ह्यायला येतीय, तोंड वाकडं करू नगंस. त्यो बरं म्हणला व्हता." ती थांबली. "तू गेल्यावर सुनंनंच पिशवी सोडली आन् कापडं परत मांडणीवर ठिवली. कुणी काय बोललं न्हाई."

"मग तू का न्हाई बोललीस?"

"थोरलीनं कसं म्हणायचं बाये, मला ने म्हणून?"

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. भाचा आला होता. त्यानं बाथरूम बघितलं, "मावशी, एक नंबर झालंय" म्हणाला आणि पिशवी उचलून पुढं गेला. मी आक्काच्या पायांत चपला सरकवल्या. माझ्या मनात तेव्हा जे चाललं होतं ते अजूनही थांबलेलं नाही. ती नाही म्हणेल या भीतीनं मी विचारलं नव्हतं. ती हो म्हणणार होती, हे मला कुणी सांगितलंच नसतं तर बरं झालं असतं. तिच्या नकारावर मी एकटी राहायला शिकले असते. दारामागच्या त्या पिशवीचं काय करायचं, हे मला अजून कळत नाही.

भाच्यानं कुणाचीतरी गाडी आणली होती, पांढरी. बाहेर ऊन कडक होतं. आक्का गाडीच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली आणि हवेत हात फिरवायला लागली. तिला दार सापडेना. भाचा मागं पिशवी ठेवत होता, त्याचं लक्ष नव्हतं. मीच पुढं झाले आणि तिचा हात धरून दाराच्या मुठीवर ठेवला.